एफईआर आल्यावर क्लेम बदलताय? मूळ स्पेसिफिकेशनचा आधार आहे का ते आधी असं तपासा

हे लिहायला बसलो कारण तीच गडबड परत परत समोर यायलीय. संभाजीनगर, नांदेड, जालना, लातूर, कुठल्याही कॉलेजातल्या केमिस्ट्री डिपार्टमेंटची नाहीतर वाळूज-शेंद्र्यातल्या एखाद्या छोट्या फॉर्म्युलेशन युनिटची पेटंटची फाइल घ्या, फाइल करेपर्यंत सगळं ठीक चालतं, मग एफईआर (पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल) येतो, एक्झामिनरने दोन-तीन जुने पेपर दाखवलेले असतात, आणि धावपळ सुरू. सर म्हणतात नवा डेटा आलाय तो टाका, पोरगं थिसिसमधला टेबल उचलून चिकटवतं, क्लेममध्ये (ज्यावर हक्क मागतो तो मजकूर) दोन नवे आकडे घुसतात, आणि हिअरिंगला कंट्रोलर (निर्णय देणारा पेटंट अधिकारी) एवढंच विचारतो की हे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातलं शोधाचं वर्णन आणि क्लेम) कुठंय. उत्तर असतं लॅबच्या वहीत. वही चालत नाही.

पेटंट कायदा १९७० चं कलम ५९ इथं लागतं. त्यात दोन दारं आहेत आणि दोन्हीतून जावं लागतं. एक, बदललेल्या स्पेसिफिकेशनमध्ये असं काही यायला नको जे आधीच्या स्पेसिफिकेशनमध्ये मूलतः सांगितलेलं किंवा दाखवलेलं नव्हतं. दोन, नवा क्लेम आधीच्या एखाद्या क्लेमच्या हद्दीत पूर्ण बसला पाहिजे. शिवाय बदल डिस्क्लेमर (काही भागावरचा हक्क सोडणं), दुरुस्ती किंवा खुलासा ह्याच मार्गाने करता येतो, आणि तोही खरी वस्तुस्थिती आणण्यापुरता. पहिलं दार बहुतेकांना माहीत असतं, दुसरं विसरतात.

खाली सगळीकडे एकच कल्पित उदाहरण घेतो. समजा आपण थायाझोलची एक बुरशीनाशक मालिका केलीय. जनरल फॉर्म्युल्यात आर१ म्हणजे फिनाइल रिंगवरचा ग्रुप, त्याला ६ पर्याय. आर२ म्हणजे थायाझोलच्या ५ नंबरवरचा ग्रुप, त्याला ५ पर्याय. आर३ म्हणजे २ नंबरवरचं अमाइन, त्याला ४ पर्याय. एकूण १२० कंपाउंड कागदावर, प्रत्यक्षात बनवलेले १२. त्यातलं उदाहरण ७ सगळ्यात भारी निघालं: ४-क्लोरो, मिथाइल, मॉर्फोलिन. सोबत एक ईसी (पाण्यात घोळून फवारायचं तेलकट द्रावण) फॉर्म्युलेशन आहे ज्यात सर्फॅक्टंट ५ ते ३० टक्के, शक्यतो १० ते २० टक्के, आणि उदाहरणांत १२, १५ आणि १८ टक्के.

टप्पा १: "मूळ" म्हणजे नेमका कुठला कागद ते ठरवा

हसू नका, अर्ध्या चुका इथंच होतात. तुमच्या लॅपटॉपवर "फायनल", "फायनल२", "फायनल करेक्टेड" अशा पाच फाइली असतात आणि त्यातली कुठली सबमिट झाली ते कुणालाच धड सांगता येत नाही. पेटंट ऑफिसच्या इनपास साइटवर जाऊन अॅप्लिकेशन नंबर टाका आणि तिथून सबमिट झालेलं कम्प्लीट स्पेसिफिकेशन उतरवून घ्या. तेच मूळ. मधे एखादा बदल करून झाला असेल तर तो सेटही काढा, कारण दुसऱ्या दारासाठी मूळ क्लेम आणि शेवटचे क्लेम दोन्ही समोर लागतात.

प्रोव्हिजनलमध्ये (आधी दिलेलं तात्पुरतं स्पेसिफिकेशन) होतं पण कम्प्लीटमध्ये राहून गेलं, असं असेल तर ते गेलं समजा. प्रोव्हिजनलचा उपयोग प्रायॉरिटी तारखेसाठी. पीसीटीमधून (आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाचा करार) आलेली फाइल असेल तर आंतरराष्ट्रीय अॅप्लिकेशन जसं फाइल झालं तसं घ्या, नंतर त्या कराराच्या आर्टिकल १९ किंवा ३४ खाली बदललेले क्लेम वेगळे ठेवा. अॅब्स्ट्रॅक्टवर भिस्त ठेवू नका, युरोपात तर तो डिस्क्लोजरमध्ये धरतच नाहीत. ड्रॉइंग, रिअॅक्शन स्कीम, टेबल मात्र धरा, कायद्यात "दाखवलेलं" पण आलंय.

*तपासा:* स्कॅन केलेल्या पीडीएफवर सर्च मारून "सापडत नाही" म्हणू नका. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो, आर१ मधला एक इंग्रजी एल अक्षरासारखा वाचला जातो, स्ट्रक्चरच्या चित्रातलं तर सर्चला काहीच दिसत नाही. डोळ्याने वाचा, पानं थोडीच असतात.

टप्पा २: बदल लागतोच का, ते आधी बघा

एफईआरमधला प्रत्येक आक्षेप वेगळा काढा. नॉव्हेल्टी, इन्व्हेंटिव्ह स्टेप, कलम ३(डी) (माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप), ३(ई) (नुसतं मिश्रण), क्लॅरिटी, प्रत्येकाला क्लेम बदलणं हे औषध नाही. फाइल केल्यानंतर केलेले प्रयोग, तुलनेचा डेटा, हे तुम्ही उत्तरासोबत अॅफिडेव्हिटवर पुरावा म्हणून देऊ शकता, कंट्रोलर तो किती मानायचा ते ठरवेल. पण तोच टेबल स्पेसिफिकेशनच्या पानात घुसवला की तो नवा मजकूर झाला. डेटा तोच, जागा चुकली की सगळं बिघडतं.

*सावधान:* "डिस्क्रिप्शनमध्ये एक उदाहरण वाढवू, क्लेमला हात लावत नाही" हा सल्ला फार फिरतो. कलम ५९ डिस्क्रिप्शनलाही लागू आहे.

टप्पा ३: नवा क्लेम फोडा आणि चार रकान्यांचा तक्ता करा

नवा क्लेम लिहून झाला की त्याचे तुकडे करा, प्रत्येक घटक, प्रत्येक आकडा, प्रत्येक "किंवा" वेगळा. मग रकाने:

१. क्लेममधला घटक, जसाच्या तसा.
२. मूळ स्पेसिफिकेशनचं पान आणि ओळ.
३. तिथलं वाक्य, शब्दशः कॉपी करून. आपल्या भाषेत सारांश नको.
४. तिथं हा घटक कुणाच्या जोडीने आलाय.

तीन रकाने सगळेच भरतात. खरी परीक्षा चौथ्याची. लोक एकेक शब्द शोधतात, क्लोरो सापडलं, मिथाइल सापडलं, १५ टक्के सापडलं, झालं. पण क्लेम म्हणजे ह्या सगळ्यांची एकत्र जोडी, आणि ती जोडी मूळ कागदात कुठंतरी बसवलेली दिसली पाहिजे, नुसते सुटे भाग वेगवेगळ्या पानांवर पडलेले असून भागत नाही. चौथा रकाना रिकामा राहिला तर तिथं लाल खूण करा आणि पुढं जा, पण ती खूण मिटवू नका, नंतर परत यायचंय.

टप्पा ४: केमिस्ट्रीच्या ठरलेल्या अडचणी, एकेक करून

हा टप्पा लांब आहे, चहा घेऊन बसा.

*फॉर्म्युल्यातून निवड.* आर१ च्या ६ पर्यायांतले २ उडवले, आर३ मधला १ उडवला, यादी छोटी झाली पण यादीच राहिली, तर सहसा अडचण नाही. पण आर१ फक्त क्लोरो, आर२ फक्त मिथाइल आणि आर३ पूर्ण यादी, असं केलं की तुम्ही दोन याद्यांतून एकेक उचलून नवीन जोडी तयार केली. युरोपियन पेटंट ऑफिस इथं फार कडक आहे, "थेट आणि निःसंशय" मूळ कागदातून निघालं पाहिजे म्हणतं. अमेरिकेत १९६७ च्या रुशिग निकालात कोर्टाने जंगलातल्या झाडांवरच्या खुणांची उपमा दिलीय, म्हणजे वाट ह्याच झाडाकडे जाते हे खुणांवरून आधीच कळायला हवं, झाड गाठल्यावर मागं वळून सांगायचं नाही. त्या खुणा म्हणजे तुमच्या स्पेसिफिकेशनमधलं "शक्यतो", "विशेषतः", आणि अर्थात उदाहरणं.

मग आपल्या केसमध्ये? उदाहरण ७ चं कंपाउंड एकटं क्लेम केलं तर आधार पक्का, नावानिशी आहे. त्याच उदाहरणातून क्लोरो आणि मिथाइल उचलायचं पण मॉर्फोलिन सोडून अमाइन मोकळं ठेवायचं, हे धोक्याचं. मात्र १२ उदाहरणांत क्लोरो-मिथाइल जोडी चारही अमाइनसोबत बनवलेली असेल तर चौथ्या रकान्यात चार उदाहरणांचे नंबर येतात, आणि बोलायला जागा मिळते.

*टक्के आणि रेंज.* जनरल रेंज ५ ते ३०, पसंतीची १० ते २०. नवा क्लेम १० ते २० केला तर काहीच प्रश्न नाही. १० ते ३० किंवा ५ ते २० केला, म्हणजे एक टोक जनरल रेंजचं आणि एक पसंतीचं, तर युरोपातही टी २/८१ ह्या युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील निकालापासून हे चालत आलंय. १२ ते १८ केला, टोकं उदाहरणांतून उचलून, तर बघावं लागेल की १२ टक्के वाल्या उदाहरणात सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर कुठला होता, कारण तो आकडा त्या मिश्रणाशीच बांधलेला असेल तर एकटा सोडवून आणता येत नाही. आणि "किमान १० टक्के" लिहिलं तर वरचं टोक गायब, ३० च्या पुढचं सगळं आत आलं. ह्याच गोष्टीवर अमेरिकेत १९७६ चा वर्थाइमचा निकाल आहे, कॉफीच्या फ्रीझ ड्राइंगचा: मूळ कागदात २५ ते ६० टक्के, उदाहरणं ३६ आणि ५०, "३५ ते ६०" ला आधार मानला, "किमान ३५" ला नाही. परदेशी निकाल आपल्या कंट्रोलरला बांधील नाहीत हे खरं, पण पीसीटीतून बाहेर जाणार असाल तर लागणारच, आणि विचार करायची सवय म्हणून तर उत्तमच.

*तपासा:* टक्के वजनाला वजन की वजनाला आकारमान? मूळमध्ये नुसतं "टक्के" आणि नव्या क्लेममध्ये वजनाला वजन घातलं तर उदाहरणातल्या ग्रॅमवरून ते सिद्ध होतंय का ते गणित करून बघा.

*सॉल्ट, हायड्रेट, क्रिस्टल.* "आणि त्याचे स्वीकारार्ह सॉल्ट" हे वाक्य सगळेच टाकतात. त्यावरून हायड्रोक्लोराइडचा ठराविक क्रिस्टल फॉर्म, त्याचे एक्सआरडी (क्ष-किरण तपासणीचे) पीक, हे काही निघत नाही. तसंच रेसिमिक मिश्रण (एकमेकांच्या आरशातल्या दोन रूपांचं) सांगितलं म्हणून आर-आयसोमर वेगळा सांगितला असं होत नाही. "पावडर तीच होती, पीक तर त्यात होतेच की" हा युक्तिवाद लोक फार जोशात करतात. पदार्थ होता, आकडा लिहिलेला नव्हता, आणि क्लेममध्ये तुम्ही आकडा घालताय.

इथं एक पुढचं गणित सांगतो. आज आधार दाखवायला तुम्ही लिहून देता की फॉर्म्युल्यात हे सगळं अध्याहृत होतंच. उद्या त्याच कंपाउंडच्या सॉल्टवर वेगळं पेटंट टाकाल तेव्हा एक्झामिनर तुमचंच हे वाक्य काढून दाखवेल. नोव्हार्टिसच्या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिब मेसिलेटच्या बाबतीत नेमकी हीच पळवाट नाकारली, जुन्या पेटंटच्या क्लेममध्ये येतं पण त्यात उघड केलेलं नाही असं दोन्हीकडून बोलता येणार नाही म्हणून. तेव्हा आधाराचा दावा लागतो तेवढाच करा, जास्तीचा उत्साह नको.

*नावातली चूक.* समजा उदाहरण ७ च्या नावात ३-क्लोरो टाइप झालंय आणि स्ट्रक्चरमध्ये क्लोरीन ४ वर काढलाय. दुरुस्ती करता येते, पण दोन गोष्टी मूळ कागदातूनच दिसल्या पाहिजेत: चूक आहे, आणि तिची दुरुस्ती एकच होऊ शकते. मास स्पेक्ट्रम इथं कामाचा नाही, ३ काय नि ४ काय, वजन तेच. प्रोसिजर वाचा. सुरुवातीचा ब्रोमोकीटोन ४-क्लोरोप्रोपिओफिनोनपासून बनवलाय असं लिहिलंय का? मग एनएमआर बघा, अरोमॅटिक भागात दोन-दोन प्रोटॉनचे दोन डब्लेट, साधारण ८.५ हर्ट्झचा कपलिंग, तर क्लोरीन पॅराला आहे, मेटाला असता तर असा साधा पॅटर्न आला नसता. स्ट्रक्चर, कच्चा माल आणि एनएमआर तिघं एकाच बाजूला, नाव एकटं दुसऱ्या बाजूला. हे उत्तरात तसंच्या तसं मांडा. उलट कच्च्या मालातच ३-क्लोरो लिहिलं असेल आणि एनएमआर दिलाच नसेल, तर नाव चुकलं की चित्र चुकलं हे कुणी ठरवायचं? नव्याने काढलेला एनएमआर तिथं कामी येत नाही.

*प्रोसेसमधले तपशील.* मूळमध्ये "इथेनॉलमध्ये रिफ्लक्स" आहे आणि क्लेममध्ये "७८ अंश सेल्सियस" लिहायचा मोह होतो. कामून? रिफ्लक्स हा शब्द पुरेसा आहे. ७८ हा समुद्रसपाटीचा उत्कलनबिंदू, संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर, इथं इथेनॉल एखाद-दोन अंश खालीच उकळतं, म्हणजे तुम्ही घातलेला आकडा तुमच्याच लॅबमध्ये खरा नव्हता.

*डिस्क्लेमर.* जुन्या पेपरमधलं एक कंपाउंड तुमच्या फॉर्म्युल्यात येतंय, तर "ते वगळून" असं लिहिता येतं. पण तेवढंच वगळा. त्या निमित्ताने आजूबाजूचा पट्टा कापून क्लेमला नवा आकार दिला की तो डिस्क्लेमर राहत नाही. युरोपात मूळ कागदात नसलेल्या डिस्क्लेमरला तिथल्या पेटंट ऑफिसच्या जी १/०३ निकालाने २००४ मध्ये मोजक्याच परिस्थितीत परवानगी दिलीय, तिकडं फाइल असेल तर वेगळा विचार करा.

टप्पा ५: दुसरं दार, जुन्या क्लेमची हद्द

एक सोपा प्रश्न: नव्या क्लेमचं उल्लंघन करणारा माणूस जुन्या क्लेमच्या उल्लंघनातही सापडला असता का? प्रत्येक वेळी "हो" आलं पाहिजे. "समाविष्ट असलेलं" वरून "फक्त ह्याचंच बनलेलं" वर जाणं म्हणजे आत सरकणं, चालतं. उलटं नाही. एखादा घटक क्लेममधून काढून टाकणं हे दिसायला छोटं पण हद्द वाढवणारं. आणि डिस्क्रिप्शनमध्ये पानभर लिहिलेली गोष्ट क्लेममध्ये कधीच नव्हती, तर पहिलं दार उघडतं आणि दुसऱ्यावर आपटतो. उपचाराच्या पद्धतीचे क्लेम कलम ३(आय) मध्ये (अशा पद्धतींना पेटंट नाही) अडकले म्हणून त्यांचं कंपोझिशन करायला जाणारे इथंच आपटतात.

प्रकार बदलणं कायमच बंद आहे असंही नाही. निप्पॉन ए अँड एलच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये प्रोसेसने वर्णन केलेल्या कोपॉलिमर लॅटेक्सच्या प्रॉडक्ट क्लेमचं रूपांतर प्रोसेस क्लेममध्ये करू दिलं, आणि ग्रँटच्या आधीचे बदल जरा उदारपणे बघावेत असं म्हटलं. पण तिथं प्रोसेस मूळ क्लेममध्येच लिहिलेली होती हे विसरून तो निकाल जिथं तिथं चिकटवायलेत लोक.

*सावधान:* अमेरिकेत ग्रँट झालेले क्लेम जसेच्या तसे इथं टाकणं, हा कंपन्यांचा आवडता शॉर्टकट. तिकडं हद्द वाढवायला जी मोकळीक मिळते ती इथं नाही.

टप्पा ६: आधार नाही निघाला तर

लाल खुणांकडे परत या. पर्याय थोडे आहेत: क्लेम मागं घेऊन पक्क्या आधारावर आणा, उदाहरण ७ वर सुद्धा, लहान पण टिकणारं. सुधारणा खरंच नवी असेल तर कलम ५४ खाली पेटंट ऑफ अॅडिशन, त्याची मुदत मुख्य पेटंटबरोबर संपते पण वेगळी रिन्यूअल फी नाही. किंवा नवीन अॅप्लिकेशन, पण त्याआधी बघा की थिसिस शोधगंगावर (थिसिसची ऑनलाइन साइट) चढलाय का, पेपर छापून आलाय का, तुमचं स्वतःचं अॅप्लिकेशन पब्लिश झालंय का. झालं असेल तर तुमचंच काम तुमच्या आडवं येतं. डिव्हिजनल (मूळ अर्जातून फोडलेला वेगळा अर्ज) टाकून सुटका होईल असं वाटत असेल तर कलम १६ मध्येही तीच अट आहे, मूळमध्ये नसलेलं तिथंही येत नाही.

टप्पा ७: कागद करणे आणि वेळ

नियम १४ प्रमाणे बदललेली पानं पुन्हा टाइप करून द्यायची, सलग कागद झाला पाहिजे, चिठ्ठ्या चिकटवून, फुटनोट टाकून किंवा समासात लिहून चालत नाही. एक बदल दाखवणारी प्रत, एक स्वच्छ प्रत. स्वतःहून बदल करत असाल तर फॉर्म १३ आणि त्यात कारणं. उत्तराच्या पत्रात "सर्व बदलांना मूळ स्पेसिफिकेशनचा आधार आहे" हे एक वाक्य टाकून मोकळं होऊ नका, टप्पा ३ चा तक्ताच जोडा, पान-ओळीसकट.

मुदत एफईआरच्या तारखेपासून ६ महिने, फॉर्म ४ भरून आणखी ३. त्यानंतर अॅप्लिकेशन सोडून दिलं असं धरतात, मग कितीही चांगला तक्ता असो. आपल्याकडं काय होतं, पहिले पाच महिने फाइल ऑफिसातून डिपार्टमेंटला आणि डिपार्टमेंटमधून परत ऑफिसला फिरते आणि शेवटच्या आठवड्यात क्लेम बदलले जातात. तक्त्याला निवांत दोन-तीन दिवस लागतात, ते पहिल्या महिन्यातच द्या.

सबमिट करायच्या आधी तक्ता आणि मूळ स्पेसिफिकेशन अशा माणसाला वाचायला द्या ज्याला केमिस्ट्री येते पण तुमचं काम माहीत नाही, दुसऱ्या गाइडचा पीएचडीवाला चालेल (पब्लिश झालेली फाइल असते, तरी न दिलेला नवा डेटा दाखवू नका). त्याला क्लेमचा प्रत्येक तुकडा कागदात बोट ठेवून दाखवायला सांगा, तुम्ही मधे बोलायचं नाही. तो जिथं अडखळेल तिथं कंट्रोलरही अडखळणार.

हिअरिंग झाल्यावर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं. बदल नाकारला तर अपील हायकोर्टात, ३ महिन्यांच्या आत, आपली फाइल मुंबई पेटंट ऑफिसची म्हणून मुंबई हायकोर्ट. तिथं वकील सगळ्यात आधी तोच चार रकान्यांचा तक्ता मागतो, आणि तो हिअरिंगच्या रेकॉर्डवर आधीपासून असेल तर त्याचं काम सोपं होतं.